गटाच्या २४ एचपी ट्रॅक्टरचा क्लच: उन्हाळा ते खरीप, प्रकल्प नोंदी

ट्रॅक्टर: २४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, सिंगल क्लच (एकच कोरडी प्लेट, डायफ्राम स्प्रिंगचं प्रेशर प्लेट), पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेरे. भाग वरूडकडचा: संत्रा बागा, कपाशी, तूर. कामं: १.२ मीटरचा रोटाव्हेटर, डवरणी, पीटीओवरचा फवारणीचा ब्लोअर, छोटी ट्रॉली. चालवणारे चार जण. याआधीची प्लेट ७१८ तासांना बदललेली आहे.

खाली दिलेली मापं या ट्रॅक्टरची. दुसरं मॉडेल असेल तर त्याच्या पुस्तकातली मापं धरावीत. डबल क्लचच्या ट्रॅक्टरला फिंगरचं (प्रेशर प्लेटच्या मधल्या, बोटांसारख्या पट्ट्यांचं) सेटिंग वेगळं असतं, ते इथे नाही.

१८ मे २०२४, मीटर ११४२ तास

तक्रार: "भाऊ, रेस वाढते पण गाडी ओढतच नाही." ट्रॉली भरून पांदणीच्या चढावर जास्त जाणवतं.

इंजिन कमी पडतंय की क्लच घसरतोय, हे आधी ठरवलं. डिझेल फिल्टर किंवा एअर फिल्टर चोंदला असेल तर लोड आल्यावर आरपीएम खाली येतात आणि धूर बदलतो. क्लच घसरत असेल तर आरपीएम वर जातात आणि चाकाचा वेग तिथेच राहतो. इथे दुसरा प्रकार आहे. वावरात चाक घसरूनही असंच वाटतं, म्हणून तपासणी कडक जमिनीवरच केली.

तपासणीची पद्धत: सपाट जागा, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना दगड, समोर कोणी नाही. हाय रेंजचा वरचा गिअर टाकायचा, रेस १५०० आरपीएम, मग क्लच नेहमीसारखा सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच दम तोडून बंद पडतं. हे इंजिन १३५० वर येऊन चालतच राहिलं. पेडल परत दाबायला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नये आणि ही तपासणी लगोलग पुन्हा करू नये. खात्री करण्याच्या नादात उरलेली प्लेटही जळते.

गिअर टाकताना कटकट नाही. पेडल पूर्ण दाबल्यावर पीटीओ थांबतो. म्हणजे क्लच सुटतो नीट, धरत मात्र नाही. पेडलवर नुसतं बोट टेकवलं की किर्र आवाज येतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर फिंगरना ढकलणारं बेअरिंग. (पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज आला असता तर पायलट बेअरिंगवर (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणाऱ्या) संशय घेतला असता.)

१९ मे, मीटर तेच

बाहेरून जे दिसतं ते आज पाहिलं. ट्रॅक्टर खोलण्याआधी इथे अर्धा तास घालवायलाच हवा.

पेडलचा फ्री प्ले (बेअरिंग फिंगरला टेकेपर्यंतची पेडलची मोकळी चाल) पुस्तकात २० ते ३० मिमी. पट्टी लावून पेडल हाताने वर ओढलं आणि तिथून मोजलं: १६ मिमी. कमी आहे, पण अगदीच गेलेला नाही. मग पेडल पायाने दाबून सोडून दिलं आणि ते आपोआप जिथे येऊन थांबलं तिथून मोजलं: शून्य. घोळ इथेच आहे. पेडलचा शाफ्ट चिखल-मातीने कोरडा पडलाय, ग्रीसचं निप्पल मातीखाली गाडलेलं, रिटर्न स्प्रिंग ताणून सैल झालेली. पेडल वर येतच नाही, त्यामुळे रिलीज बेअरिंग दिवसभर फिंगरला टेकून फिरतं. नुसत्या पेडलच्या वजनाने प्लेट घसरत नाही, पण त्यावर चालवणाऱ्याचा पाय विसावला की प्रेशर प्लेटची पकड ढिली होते.

फ्री प्ले नेहमी अशा दोन्ही पद्धतींनी मोजावा. हाताने ओढून मोजलेला आकडा फसवा असतो.

शाफ्ट काढून डिझेलने धुतला, बुश ठीक होते, ग्रीस भरलं, नवी स्प्रिंग लावली. रॉडचा लॉकनट सैल करून टर्नबकल फिरवलं आणि २५ मिमीवर आणलं. पुन्हा तपासणी: इंजिन आता १२०० पर्यंत आलं पण बंद पडलं नाही. प्लेट गेलीच आहे.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लटकते. ती पिन मातीने बुजलेली होती. मोकळी केल्यावर दोन-चार थेंब तेल आलं, सोनेरी आणि पातळ. इंजिन ऑइल असतं तर काळं असतं. हे ट्रान्समिशनचं तेल आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पाझरतंय. खोलल्यावर कळेलच.

२२ मे

ट्रॅक्टर मधून वेगळा केला. क्रम असा:

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी. मग बोनेट, फूटबोर्ड, वायरिंगचे सॉकेट, ॲक्सिलरेटरचा रॉड, स्टीअरिंगचे पाइप (तोंडं प्लास्टिकने बांधली), पुढच्या ड्राइव्हचा शाफ्ट, क्लचचा रॉड. ट्रान्समिशनचं तेल स्वच्छ डब्यात काढलं.

पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो. तसंच सोडलं तर वेगळं होताक्षणी इंजिन एका अंगावर कलंडतं. म्हणून ॲक्सल आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. पाचरी न ठोकता स्प्लिट करणारे वर्कशॉप दिसले तर ट्रॅक्टर तिथे ठेवू नये. मागच्या चाकांना ओट, गिअरबॉक्सखाली पक्का स्टँड, इंजिन चाकं असलेल्या जॅकवर. जॅकच्या भरवशावर कोणी खाली हात घालायचा नाही.

२३ मे: आत काय निघालं

धूळ कॉम्प्रेसरने उडवली नाही. प्लेटवरच्या जुन्या घासणाऱ्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ छातीत जाऊ नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली.

प्लेट: रिव्हेटच्या डोक्यापासून अस्तराच्या पृष्ठभागापर्यंतची खोली व्हर्निअरने मोजली. फ्लायव्हीलकडून ०.१ मिमी, प्रेशर प्लेटकडून ०.२ मिमी. कमीत कमी ०.३ मिमी हवी. आणखी थोडे दिवस चालवला असता तर रिव्हेटनी फ्लायव्हील कोरलं असतं. अस्तर कडेला काळं पडलंय, वास जळका. हबवरच्या स्प्रिंगा घट्ट आहेत, स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) ठीक आहे. इनपुट शाफ्टवर बसवून प्लेटच्या कडेला हलवून पाहिलं तर १ मिमीच्या आत खेळ, मर्यादा २ मिमी.

पृष्ठभागावर मधून बाहेरच्या कडेकडे गेलेल्या तेलाच्या रेघा आहेत. प्लेट फिरताना हबपाशी आलेलं तेल असंच बाहेर फेकलं जातं. क्रँकचं मागचं सील कोरडं, गिअरबॉक्सच्या बाजूची स्लीव्ह मात्र ओली. म्हणजे १९ तारखेचा अंदाज बरोबर.

सील का पाझरलं ते शोधलं. सीलचा ओठ अजून मऊ आहे, शाफ्टवर खाच नाही. गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं तोंड) काढला तर आत वाळलेली काळी माती, फुंकूनही हवा जाईना. काम करताना तेल तापतं, आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असला की ती सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल आणते. नुसतं नवं सील टाकलं असतं तर तेही काही महिन्यांत पाझरलं असतं. ७१८ तासांना प्लेट बदलली तेव्हा ब्रीदर कोणी पाहिलेला दिसत नाही.

प्रेशर प्लेट: सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातलं, मध्ये ०.२५ मिमीची पात आत जाते. मर्यादा ०.२. फिंगरच्या टोकांच्या उंचीत ०.८ मिमीचा फरक, मर्यादा ०.५. टोकांवर बेअरिंगने घासून चकचकीत खाच पाडलीय. बदलायचीच.

फ्लायव्हील: निळे-जांभळे डाग तीन ठिकाणी, बारीक केसासारख्या भेगा, पण नखाला लागत नाहीत. डाग म्हणजे तिथे धातू जास्त तापून कडक झाला. तो भाग तसाच ठेवला तर नवी प्लेट तिथे धडधडत धरते आणि जागेवरून निघताना ट्रॅक्टर थरथरतो.

रिलीज बेअरिंग: हाताने फिरवलं तर खरखर. बाद. चांगलं बेअरिंग असलं तरी ते डिझेल-पेट्रोलमध्ये कधी धुवू नये, आतलं बंद ग्रीस निघून जातं.

२४ मे

फ्लायव्हील लेथवर दिलं. आमच्या फ्लायव्हीलचा घासणारा भाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसणारा भाग एकाच पातळीवर आहे, म्हणून काम सोपं. काही फ्लायव्हीलमध्ये घासणारा भाग खोलगट असतो. तिथे लेथवाल्याला सांगावंच लागतं की जेवढं आत काढशील तेवढंच बोल्टच्या कडेवरूनही काढ. नाहीतर प्रेशर प्लेट लांब पडते, दाब कमी होतो आणि नवी प्लेटही पहिल्या रोटाव्हेटरला घसरते. मग दोष पार्टला दिला जातो.

सामान: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील, क्रँकचं मागचं सील (कोरडं असूनही, कारण परत खोलायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट), ब्रीदर. सुट्या प्लेटऐवजी पूर्ण सेट घेतला.

२६ मे: बसवणी

हात साबणाने धुऊन मगच प्लेटला हात. ग्रीसचं एक बोट अस्तरावर लागलं तरी तिथे प्लेट झटक्याने धरते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो आणि फ्लायव्हील थिनरने पुसून कोरडं केलं.

प्लेटची दिशा: हबचा लांब भाग गिअरबॉक्सकडे. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते, तरीही उलटी बसवलेली प्लेट दुरुस्तीला येते अधूनमधून. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टला टेकतो आणि क्लच सुटतच नाही.

प्लेट मधोमध धरायला जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा वापरला. प्रेशर प्लेटचे एम-८ बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-दोन आटे असे फिरवत आवळले, शेवटी टॉर्क रेंचने २५ न्यूटन मीटर. एका बाजूने पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं आणि फिंगर वर-खाली होतात. स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पातळ चोळून जास्तीचं पुसून टाकलं.

२७ मे, मीटर ११४३

जोडणी. दोन्ही भाग हाताने ढकलून मिळाले पाहिजेत. शेवटची पाच-सहा मिमी फट राहिली तर स्प्लाइन जुळलेली नाही. पीटीओचा गिअर टाकून पीटीओ शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत ढकललं, बसलं. घाई करून हाउसिंगच्या बोल्टने ओढलं तर हब वाकतो आणि प्लेट पहिल्या दिवसापासून डगमगते.

फ्री प्ले २५ मिमी, आपोआप परत आल्यावर मोजलेला. हाय गिअरची तपासणी: इंजिन लगेच बंद.

आणखी एक माप घेऊन ठेवलं. पेडल, फोर्क आणि फिंगर यांच्या लिव्हरच्या लांबीवरून हिशेब केला तर या ट्रॅक्टरला प्लेट ०.१ मिमी झिजली की पेडलचा फ्री प्ले साधारण ४ मिमीने कमी होतो. प्लेट झिजते तसं प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकतं आणि फिंगरची टोकं मागे, बेअरिंगकडे येतात. त्यामुळे ट्रॅक्टर न खोलता पेडलवरून प्लेटची झीज वाचता येईल. नव्या प्लेटची रिव्हेटपर्यंतची खोली दोन्हीकडे १.५ मिमी, म्हणजे वापरता येण्यासारखं अस्तर दोन्ही बाजू मिळून २.४ मिमी.

२ जून, मीटर ११५१

सुरुवातीचे दहा तास रोटाव्हेटर नाही, भरलेली ट्रॉली नाही. रिकामी ट्रॉली, वखरणीचं हलकं काम. अस्तर पूर्ण पृष्ठभागावर बसायला एवढा वेळ द्यावा. आवाज नाही, थरथर नाही.

१४ जून, मीटर ११६३

पाऊस झाला, रोटाव्हेटर लागला. जमीन भारी, वरून वाफसा आल्यासारखी दिसते पण चार बोटं खाली गाळ. अशा जमिनीत रोटर चिखल घेऊन फिरतो आणि लोड दुप्पट वाटतो. ढेकूळ मुठीत दाबून फुटतं का ते बघायचं. लादा झाला तर त्या दिवशी काम नाही.

धुऱ्यावर चालवणारे काय करतात ते पाहिलं. क्लच दाबतात, रोटाव्हेटर उचलतात, वळतात, रोटाव्हेटर खाली टाकतात आणि मग क्लच सोडतात. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की पीटीओही थांबतो. म्हणजे रोटर मातीत रुतलेला असताना शून्यापासून फिरवायचा आणि त्याच वेळी ट्रॅक्टरही ओढायचा, सगळं एका प्लेटवर. २००० आरपीएमला इंजिन ६० न्यूटन मीटर टॉर्क देत असेल आणि गाडी जागेवर असेल तर सुमारे १२.५ किलोवॅट उष्णता त्या प्लेटमध्ये जाते: घरातले सहा गिझर एकदम लावल्यासारखं. एक-दोन सेकंद चालतं, चार-पाच सेकंद रोज पन्नास वेळा चालत नाही.

बदललेली पद्धत: धुऱ्याच्या आधी रेस कमी करायची, पाती मातीबाहेर येतील एवढंच उचलायचं (जास्त उचललं तर युनिव्हर्सल जॉइंट कोनात येऊन ठोकतो), वळायचं. वळताना क्लच दाबावाच लागला तर रोटाव्हेटर हवेत असतानाच सोडायचा, रोटरने पूर्ण वेग घेतला की गाडी चालत्या स्थितीत हळूहळू खाली. मातीत बंद पडला तर आधी उचला, मग सुरू करा. उतरायचं असेल तर पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद, यात सूट नाही.

फेऱ्यांची दिशाही बघितली. १०० बाय ४० मीटरच्या तुकड्यात १.२ मीटरचा रोटाव्हेटर १० सेंमी चढवून चालवला तर लांबीने ३६-३७ फेऱ्या, रुंदीने ९१. तेवढीच वळणं. सावली एका बाजूला आहे म्हणून रुंदीने चालवणं बंद.

रोटाव्हेटरच्या शाफ्टवरचा स्लिप क्लच गंजून जाम होता. पऱ्हाटीचं खुंट किंवा दगड अडकला की त्याने घसरायचं असतं; तो जाम असेल तर तो झटका ट्रॅक्टरच्या क्लचवर येतो. स्प्रिंगा सैल करून प्लेटा मोकळ्या केल्या, घासून साफ केल्या, परत पुस्तकातल्या मापाने आवळल्या. शिअर बोल्ट (जास्त लोड आला की मुद्दाम तुटणारा) असलेल्या रोटाव्हेटरला तुटला म्हणून कडक बोल्ट लावायचा मोह होतो. त्याच मापाचा आणि ग्रेडचाच लावावा.

३ जुलै, मीटर ११९०

कपाशीत डवरणी. ओळ चुकली तर झाडं मोडतात, म्हणून चालवणाऱ्याचा डावा पाय कायम पेडलवर तयार. समजावून सांगितलं तरी पाय तिथेच जातो, कारण या छोट्या ट्रॅक्टरवर डावा पाय ठेवायला दुसरी जागाच नाही. म्हणून ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी पट्टीचा पायटेका करून फूटबोर्डच्या बोल्टवर बसवला, पेडलच्या डावीकडे, पेडलपेक्षा थोडा उंच, वर रबराचा तुकडा. वेल्डिंग केलं नाही. करायचंच असेल तर बॅटरीची वायर काढून.

हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त आणि, आमच्या मते, सर्वात कामाचा बदल आहे.

९ ऑगस्ट, मीटर १२२४

संत्रा बागेत ब्लोअर. ६ बाय ६ मीटरची लागवड. झाड आलं की हाफ क्लच करून हळू चालवायची सवय. त्यात प्लेट जळते ती जळतेच, शिवाय सिंगल क्लचमुळे पीटीओही मंदावतो, पंपाचा दाब पडतो आणि आतल्या पानांपर्यंत फवारा जातच नाही. लो रेंजचा पहिला गिअर, ५४० ची रेस आणि पेडलवरून पाय काढून. तेवढाही वेग जास्त वाटला तर नोझल मोठं करावं, क्लचने वेग कमी करू नये.

झडीत ट्रॅक्टर दोन-तीन आठवडे उभा राहणार असेल तर पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावं. नाहीतर दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि गिअरच पडत नाही. ठोकळ्याला लाल चिंधी बांधून ठेवली, विसरून कोणी सुरू करू नये म्हणून.

भंडारा-गोंदियाकडे चिखलणी करणाऱ्यांसाठी: हाउसिंगच्या तळाच्या भोकाला प्लग दिलेला असेल तर चिखलणीपुरता लावायचा आणि कोरड्या कामाला काढून टाकायचा. कायम लावून ठेवला तर सील पाझरल्याचं कळत नाही.

२८ सप्टेंबर, मीटर १२६२

फ्री प्ले: १९ मिमी. मधे एकदाही ॲडजस्ट केलेला नाही. ११९ तासांत ६ मिमी कमी, म्हणजे प्लेटची झीज साधारण ०.१५ मिमी, त्यात सुरुवातीची बसण्याची झीजही आली. याच गतीने २.४ मिमी अस्तर सुमारे १९०० तास पुरावं. आधीची प्लेट ४२४ तासांत संपली होती. मात्र भरल्या कापसाची ट्रॉली अजून लागलेली नाही, त्यामुळे हा आकडा खाली येईल असं धरून चाललोय.

हाउसिंगचं भोक कोरडं. ब्रीदर स्वच्छ, पण भोवती माती साचतेच. तो दर ५० तासांच्या ग्रीसिंगमध्ये धरला. पेडलच्या शाफ्टला ग्रीस, फ्री प्ले परत २५ वर, लॉकनट आवळला. मीटरच्या काचेशेजारी रंगाने लिहून ठेवलं: "२५ मिमी, १२६२".

पुढचं माप १३१० तासांना, कापसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यावर. पांदणीच्या चढावर क्लचवर गाडी धरून ठेवतात का ते तेव्हा बघायचं आहे, आणि ट्रॉलीचा ब्रेक लागतो का तेही. तो लागत नसेल तर चालवणाऱ्याकडे क्लचशिवाय दुसरा उपाय नाही.